गाडी मागे घेताना

हिवाळा लागला की रिटायर झालेली म्हातारी मंडळी आपापलं चाकावरचं घर घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात उतरतात. नवी गाडी जागेला लागताना बघायला आधी आलेले लोक खुर्च्या टाकून बसतात. फुकटचा तमाशाच तो.

वेंडेल अन् लोर्नाचा तमाशा तर दरसाल ठरलेला. एवढं धूड लोर्नाला चालवता येत नाही, पण मागं उभी राहून ती ओरडणार, "डावीकडं घे!" अन् वेंडेल आतून ओरडणार, "आरसा आहे मला. तू गप बस." मग गाडी निवडुंगात.

यंदा ती म्हणाली, "डावीकडं घे." गाडी डावीकडं आली.

"अजून थोडी. बास."

गाडी थांबली. एका दमात, सरळ जागेवर.

"माणसाळला की गं तुझा नवरा," शेजारचा ड्वाइट खुर्चीतूनच म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लोर्ना काही हसली नाही. पुढं जाऊन दार उघडून ती वेंडेलच्या शेजारी बसली. तो स्टिअरिंग धरून समोर बघत होता.

"आरशातलं दिसेनासं झालंय," ती हळू आवाजात म्हणाली, "हे मला कधी सांगणार होतास?"