खिडकीखालची हाक

भवानीबाईंना राजाराणीच्या प्रेमाच्या कादंबऱ्या भारी आवडत, पण शाळा दुसरीतच सुटलेली. म्हणून देवासच्या घरी चहानंतर सूनबाई ऋतिका त्यांना वाचून दाखवायची. तिचं शिक्षण हिंदीतलं, जोडाक्षर आलं की अडखळायची.

"घोडे, तलवारी सगळं झकास," भवानीबाई मधेच म्हणाल्या. "पण हा राजा खिडकीखाली उभा राहून बायकोला नावानं हाका मारतो, ते मेलं मला पटत नाही."

"क्यों आईसाहेब, किती रोमँटिक आहे!"

"डोंबलाचं रोमँटिक! लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'भवानी' लिहिलं, माझं माहेरचं नाव तिथंच संपलं. पुढं जन्मभर नुसतं 'ऐकलं का'. माझं काही अडलं?"

"माहेरचं नाव काय होतं?"

"तुला काय करायचंय? जा, दिवा लाव. आणि तिन्हीसांजेला कुणी बोलावलं तर पहिल्या हाकेला ओ देऊ नकोस. कोण असेल नेम नाही."

ऋतिका देवघरात गेली. भवानीबाई एकट्याच उरल्या. माहेरचं आता कुणी जिवंत नव्हतं. ते नाव ठाऊक असलेला या घरातला एकमेव माणूस समोरच्या भिंतीवर हार घालून बसला होता.

तेवढ्यात खिडकीखालून कुणीतरी हळूच म्हणालं, "वेणू..."



पहिल्याच हाकेला भवानीबाई पदर सावरत उठल्या. "आले हो!"