फेरीच्या पोटात काय

"चूक हिच्या भागात असणार," तो फोनवर म्हणाला, आणि म्हणताना त्याला जराही लाज वाटली नाही.

पलीकडे लाँड्रीच्या मालकीणबाई होत्या. चार रुग्णालयांचे कपडे त्यांच्याकडे धुतले जायचे. कोणतं गाठोडं कोणत्या गाडीने कुठे जायचं, हे त्याने आणि बायकोने मिळून लिहिलेला प्रोग्रॅम ठरवायचा. आठ महिन्यांपूर्वी बायको गेली, आणि गाठोडी भलतीकडे जाऊ लागली. इतके दिवस तो दोष गाडीवाल्यांवर ढकलत होता. आज ऑपरेशनचे गाऊन प्रसूतिगृहात पोहोचले होते.

"एक वाजेपर्यंत बघा," बाई म्हणाल्या. "नाहीतर उद्यापासून दुसऱ्यांचा प्रोग्रॅम. आता रुग्णालयवाले माझंही ऐकत नाहीत."

मूलबाळ नव्हतं. दोघांचं म्हणावं असं या प्रोग्रॅमएवढंच मागे उरलं होतं.

त्याने तिचा भाग उघडला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. कुणी विचारलं तर तो वेळ नाही म्हणायचा, आणि दिवसभर खिडकीत बसायचा.

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गोष्टीचा एक प्रकार बनवलेला होता; 'गाठोडं' हा प्रकार तिचा. आत काय आहे ते त्याने पडद्यावर छापायला सांगितलं. गाठोड्याने सरळ सांगितलं: चादरी बारा, अभ्रे वीस, सकाळी नऊला बांधलं, जायचंय हाडांच्या वॉर्डात. 'गाडी'ही तिचीच. गाडीनेही सगळं सांगितलं. आपण बनवलेल्या प्रत्येक प्रकाराला बायकोने आपलं पोट उघडून दाखवायला शिकवलं होतं. त्यावरून तो तिला किती बोलला होता.

"तुझे प्रकार फार बडबडे आहेत."

"आणि तुझे तोंडात गुळणी धरून बसतात," ती म्हणायची.

उरली 'फेरी'. ती त्याची. त्याने छापायला सांगितलं. पडद्यावर 'फेरी' एवढा शब्द उमटला आणि पुढे कुणालाच न कळणाऱ्या अंकाअक्षरांचं लटांबर. आत काय आहे ते सांगायला त्याने फेरीला शिकवलंच नव्हतं. एकोणीस वर्षं. हुशार माणसाला छापून बघावं लागत नाही, असं त्याचं मत होतं. हे मत तो घरी आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवायचा.

त्याने चार ओळी लिहिल्या: गाडी कोणती, कितवी खेप, काय घेऊन, कुठे. बायकोच्या ओळी बघून बघून लिहिल्या, शाळेत शेजारच्याचं चोरून बघावं तशा. मग पुन्हा छापलं.

आता फेरी बोलली. गाडी दोन, पहिली खेप, चादरी, प्रसूतिगृह. त्याखाली: गाडी दोन, दुसरी खेप, गाऊन, प्रसूतिगृह.

एकच गाडी दिवसात दुसऱ्यांदा निघाली, की आधीच्या खेपेचाच पत्ता घेऊन निघत होती. नवा पत्ता भरायची ओळच नव्हती. ती घालायला अर्धं मिनिट लागलं. ती कधीपासून नव्हती, हे शोधायला मात्र तासभर गेला. एकला दहा कमी असताना त्याने फोन लावला.

"सापडली. चूक माझी आहे. हिचा भाग चोख आहे." तो म्हणाला. "फक्त एक कळत नाही, बाई. ही चूक पहिल्या दिवसापासूनची आहे. मग एवढी वर्षं गाठोडी बरोबर पोहोचली कशी?"



"ताईंनी माझ्याकडून शब्द घेतला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही आंघोळीला गेलात की त्या रोज फोन करायच्या. दुसऱ्या खेपेचे पत्ते तोंडी सांगायच्या, आम्ही गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायचो. म्हणायच्या, त्यांना एवढ्यात सांगू नका, त्या फेऱ्यांवर ते फार खूश आहेत."