मालकीचं लाटणं

आरटीओ साहेब, शर्यतीच्या डर्टबाईकची नोंदणी तुम्हीच करत नाही आणि कागद मागून चोर आम्हालाच ठरवता! त्याच धास्तीनं सायखेड्याला अश्विनची जुनी गाडी घ्यायला गेलेली उज्वला त्याच्या दारात अडून बसली. रविवारी शर्यत होती, पण चोरीच्या गाडीवर तिला बसायचं नव्हतं. “बैल घेताना आमचे आबा बघतात, तो कुणाच्या हाकेला येतो. तू गाडी सुरू करून दाखव.” अश्विननं वीस किका मारल्या, गाडी ढिम्म. “चोरच दिसतोस की रे!” तेवढ्यात त्याची आई लाटणं घेऊनच बाहेर आली. “सरक मुडद्या, तीन वर्षं शिकवतेय!” तिनं कार्बोरेटरवर दोनदा लाटणं हाणलं आणि पहिल्याच किकला गाडी डरकाळली. उज्वला वाकली. कार्बोरेटरवर वाळलेल्या कणकेची तीन वर्षांची पुटं होती. “लाटणंही ने पोरी, मी भाकऱ्या थापीन!” साहेब, याहून पक्का कागद आहे? बोला!