मातीची बाई

बायकोचा, राजमचा निबंध वाचून संपला तेव्हा सेतुमाधवराव पेलाभर पाणी प्यायले. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात राजम गेली. तिचा अपुरा राहिलेला निबंध तंजावूरच्या परिषदेत नवऱ्यानेच वाचावा, हा त्यांच्या लेकीचा, श्रीलक्ष्मीचा हट्ट होता.

राजमचं म्हणणं जुनंच होतं. संस्कृताच्या कुळातली भाषा बोलणारे लोक घोडे घेऊन उत्तरेकडून आले, त्याच्या कितीतरी आधी इथली माणसं आईला देव मानून पुजत होती. खणताना सापडतात त्या मातीच्या बाया म्हणजे त्याच देवी. हे खोडून काढण्यात सेतुमाधवरावांची बावीस वर्षं गेली होती. नवरा-बायकोचा हा वाद मासिकांतून चाले आणि जेवणाच्या पानावरही.

प्राणेश नावाचा तरुण प्राध्यापक उठला. सेतुमाधवरावांचाच जुना विद्यार्थी.

"सर, मातीची प्रत्येक बाई देवी नसते, हे तुम्हीच शिकवलंत. पोरांचं खेळणंही असेल. पूजेचा पुरावा कुठे आहे?"

प्रश्न त्यांचा, शब्दही त्यांचेच. उत्तर द्यायला राजम तेवढी नव्हती.

"होता," ते म्हणाले.

त्यांनी निबंधाची पानं मिटून बाजूला ठेवली.

"बहात्तर साली, तिरुवैयारु गावाच्या पलीकडे आम्ही खणत होतो. कोनाड्यात ही एवढी मातीची बाई उभी होती. पुढ्यात पणती. अंगावर काजळी, कपाळाला गेरू. मी एकटाच होतो, राजम संध्याकाळी यायची होती. मी बाई धुऊन काढली. काय धुतोय ते मला कळत होतं. पणती दुसऱ्या खड्ड्याच्या टोपलीत टाकली आणि वहीत लिहिलं, खेळणं."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली. प्राणेश मात्र तसाच उभा राहिला.

परतताना तिरुवैयारुच्या बसमध्ये बापलेक शेजारी बसले. वेण्णार नदीचा पूल मागे पडला.

"अम्माला का नाही सांगितलंत?" शेवटी श्रीलक्ष्मीने विचारलं.

"आधी हरायचं नव्हतं. पुढे सांगायची लाज वाटत गेली."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. खाचरांतून बायका वाकून भात लावत होत्या.

"इस्पितळात शेवटच्या आठवड्यात अम्मा रोज एकच विचारायची. माझं चुकलंच का गं? अप्पांचंच खरं असेल?"

सेतुमाधवराव तिच्याकडे वळले. "तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले," श्रीलक्ष्मी म्हणाली. "तुम्ही कधी खोटं बोलत नाही, म्हणून."