बर्फीचा दहावा वाढदिवस

बर्फी मागचे पाय ओढत चालायला लागली, तेव्हा विनयने तिच्या विम्याची पॉलिसी पहिल्यांदा नीट वाचली. त्यात म्हाताऱ्या कुत्रीचं ऑपरेशन बसत नव्हतं, मृत्यूची भरपाई मात्र बसत होती.

रविवारी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये तिचा दहावा वाढदिवस झाला. त्याच्या बायकोने, भावनाने तिला पाटावर बसवून कुंकू लावलं, ओवाळलं, पोटभर दहीभात भरवला. बर्फी शेपटी हलवत राहिली.

"पापा, बर्फीचा बर्थडे तर मंगळवारी आहे ना? आज का केला?" अहिल्याने विचारलं.

विनयने गाडीची चावी उचलली आणि बर्फीच्या गळ्यात पट्टा अडकवला.


"मंगळवारी दहा पूर्ण झाले की पॉलिसी संपते, बेटा. चलो, बर्फीला बाय कर, डॉक्टर इंजेक्शन भरून थांबलेत."