तात्यांचा खांदा

ग्रामपंचायतीच्या सभेला निघताना घोलपतात्यांनी हाताची जुनी झोळी पुन्हा गळ्यात अडकवली. मोटरसायकलवरून पडून निखळलेला उजवा खांदा डॉक्टरांनी ऑपरेशन करून तारेनं आवळून बसवला, त्याला सहा महिने झाले होते. पण आज बायकोच्या भावाची टपरी हटवायचा ठराव होता आणि गाडं तात्यांच्या एका मतावर अडलं होतं.

“हात वर होत नाही हो!” मतदानाची वेळ येताच तात्या कळवळले.

“मग डावा करा,” सरपंचबाई म्हणाल्या.

“गावाच्या शुभकार्याला डावा हात?”

तेवढ्यात भज्यांची परात आली.

“कुणाकुणाला हवीत?” बाईंनी विचारलं.

तात्यांचा उजवा हात झोळीतून सुटून थेट पंख्याकडे गेला.

“खांदा झकास बसलाय! हात तसाच ठेवा, तात्या.” बाई ग्रामसेवकाकडे वळल्या. “भाऊसाहेब, लिहा. ठराव मंजूर.”