कंपनीची पाटी

जपानी कंपनीचे इवाकिरीसाहेब टेबलाखाली वाकले आणि तिथेच गुडघ्यांवर बसले. टेबलाच्या फळीच्या खालच्या अंगाला कंपनीचं नाव कोरलेलं होतं, वीतभर उंच अक्षरांत. वरच्या अंगावर शिगेबाई पीठ लाटत होत्या. उद्या आठवडी बाजार, करंजीसारख्या पास्तेल तळायच्या होत्या. पाहुणा आला म्हणून लाटणं थांबणार नव्हतं.

“हीच ती, आजी! सान्तोस बंदरातल्या ऑफिसवरची पहिली पाटी. आम्ही कुठे कुठे नाही शोधली!”

“आम्ही म्हणजे कोण?”

“कंपनी. ब्राझीलमध्ये आम्हाला पंचाहत्तर वर्षं झाली.”

“तुम्ही मार्चमध्ये आलात. तुमच्या आधीचे गोल्फ खेळून गेले, त्यांच्या आधीच्यांना इथलं पाणी मानवलं नाही. तीन-तीन वर्षांसाठी येणारी माणसं जोडून पंचाहत्तर करता होय?”

शेगडीशी उभ्या असलेल्या सुनेनं, सिल्मारानं, तोंड फिरवून हसू लपवलं.

साहेब उठले. पँटला पीठ लागलं होतं, ते झटकायचं त्यांना सुचलं नाही. पंचाहत्तरीच्या समारंभाला तोक्योहून अध्यक्ष येणार होते, पाटी दर्शनी दारात लावायची होती. बदल्यात संगमरवरी टेबल देऊ म्हणाले. पाटीखालचा मजकूरही तयार होता.

“वाचा बघू. माझी शाळा दुसरीतच सुटली.”

“युद्धकाळात कंपनीचं कामकाज तात्पुरतं स्थगित होतं. एका हितचिंतकाने ही पाटी जपली.”

लाटणं थांबलं.

“हितचिंतक! अहो, माझे बाबा तुमच्या गोदामात कॉफीची पोती शिवायचे. युद्धात ब्राझील जपानच्या विरुद्ध गेलं, तसे जपानहून आलेले साहेब बोटीनं परत गेले, आम्ही इथेच. मग एक दिवस पोलीस आले. जपान्यांनी उद्यापर्यंत सान्तोस सोडायचं, अंगावर पेलेल तेवढंच न्यायचं. घरात आईचं शिवणाचं मशीन होतं. त्याच्या कमाईवर आम्ही चार पोरं जेवायचो. बाबांनी मशीन तिथेच टाकलं आणि ही फळी पाठीवर घेतली. म्हणे, साहेब परत आले की विचारतील.”

“मग... कोणी विचारलं?”

“तुम्ही पहिलेच.”

साहेबांनी पेन काढून ‘हितचिंतक’ खोडलं. “वडिलांचं नाव?”

“कामासुके तामाशिरो. आणि ते ‘स्थगित’ही खोडा.”

“त्याला तोक्योला विचारावं लागेल, आजी.”

“विचारा की. तोवर मी लाटते.”

लाटणं पुन्हा फिरू लागलं. साहेबांनी ती ‘स्थगित’ची ओळही खोडली.

“इथे काय लिहू?”

“मशीनचं लिहा.”

त्यांनी उभ्याउभ्या लिहिलं आणि वाचलं, “बायकोचं शिवणयंत्र मागे ठेवून त्यांनी ही पाटी पाठीवर आणली.” शिगेबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग पीठ गोळा केलं.

“न्या आता.”

फळी दोन खोक्यांवर नुसती टेकवलेली होती. ड्रायव्हरला हाक मारायला साहेबांनी तोंड उघडलं, शिगेबाईंकडे बघितलं आणि मिटलं. खाली बसून त्यांनी पाठ पुढे केली. सासू-सुनांनी फळी वर चढवली, जुन्या चादरीनं बांधली.

“नाव आत ठेवू की बाहेर?”

“बाबांनी आत घेतलं होतं. जपानी नाव दिसलं असतं तर तुरुंगात गेले असते.”

“मग आतच राहू दे.”

ड्रायव्हर गाडीचं दार उघडून उभा होता. साहेब त्याच्या समोरून तसेच वाकून पुढे निघून गेले. साओ पाउलोच्या त्या चढाच्या गल्लीत त्यांच्या मागे पीठ सांडत होतं.

आत सिल्मारा पिठाचा गोळा हातात घेऊन उभी होती. “आता लाटायचं कशावर, सासूबाई?”

शिगेबाई मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत होत्या.

“एवढ्यात आईचं मशीन सहज मावलं असतं गं,” त्या म्हणाल्या.